टेकाडाखाली कोण निजलंय

घोडपदेवच्या आमच्या खोलीत स्वयंपाकघर म्हणून वेगळी जागा नव्हती. मागच्या भिंतीला लागून ओटा, ओट्यावर रॉकेलचा स्टोव्ह आणि स्टोव्हच्या वर गजांची एक खिडकी. त्या खिडकीतून टेकाड दिसायचं. आमची वरची चाळ आणि पलीकडची खालची चाळ यांच्यामध्ये ते असं बसलं होतं, की जणू चाळीच त्याला जागा देऊन दोन बाजूंना सरकल्या असाव्यात. उंची म्हणाल तर आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीइतकी. गोल, पालथ्या टोपासारखं. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत यायचं, उन्हाळ्यात ते पिवळं पडायचं, आणि अंगावर रुईची झुडपं व एक वाकडा खुरचाफा एवढंच उरायचं. आई भाकऱ्या थापताना, कुळथाची पिठी ढवळताना, सुकटीची चटणी भाजताना त्या खिडकीकडे तोंड करून उभी असायची. सुकट भाजायला घेतली की अख्ख्या मजल्याला ठसका लागायचा, शेजारच्या खोलीतून कुणीतरी खोकत विचारायचं, "आज काय, सुकटीचा बेत?" आणि आई हसायची. तिच्या त्या उभं राहण्यात मला तेव्हा काही विशेष दिसलं नाही. ओटा तिथे होता, म्हणून ती तिथे उभी, एवढंच.

बाबा कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान अधू झाले होते, त्यामुळे घरातही ते मोठ्याने बोलत. पहिल्या पाळीहून आले, की अंघोळ करून, पेज पिऊन ते मागच्या गॅलरीत पाट टाकून बसायचे, आणि मग मजल्यावरची मुलं त्यांच्याभोवती जमायची. बाबांना गावच्या दशावतारात कधीकाळी दैत्याचं काम मिळालं होतं, आणि ते काम त्यांनी मुंबईत आल्यावरही पुरतं सोडलेलं नव्हतं. टेकाडाची गोष्ट ते निदान आठवड्यातून एकदा सांगत, आणि दर वेळी ती थोडी वाढलेली असे. "एक होतो राकेस," ते सुरू करायचे, "मालवणाकडसून निघालो डोक्यार टोपली घेवन. टोपलीत माती. कित्याक? तर समुद्र बुजवूक!" मुंबई तेव्हा नुसती बेटं होती. पलीकडे आईकडे जाता येत नाही म्हणून एक पोर रडत होती, आणि तिचं रडणं त्या राक्षसाला सहन होईना. तो रात्रंदिवस माती वाहत राहिला. परळ जोडलं, लालबाग जोडलं, माझगाव जोडलं आणि इथे, आमच्या घोडपदेवला, शेवटची टोपली डोक्यावर असताना त्याचा श्वास संपला. मग लोकांनी त्याच्याच टोपलीतली माती त्याच्यावर लोटली. "ती ही मूठमाती," बाबा हात पसरून टेकाड दाखवायचे. "अजून राखता तो आमका. राखणदार आसा तो." मुलं टेकाडाकडे बघत राहायची. मीही बघायची, दहावीची परीक्षा दिलेली घोडी असूनही.

खालच्या चाळीत वेगळी गोष्ट होती. ती बौद्ध वस्ती. बहुतेक घरं साताऱ्याकडची, तीही गिरणीतलीच. त्यांच्या गोष्टीत राक्षस नव्हता. सोपाऱ्याला स्तूप आहे तसाच हा लहान स्तूप, असं ते म्हणत. समुद्रावरून आलेले एक म्हातारे भंते इथे थांबले, कोळ्यांच्या मुलांना त्यांनी अक्षरं शिकवली, आणि ते गेल्यावर त्यांची रक्षा मडक्यात ठेवून वर माती रचली. प्रत्येकाने एक ओंजळ टाकली, म्हणून ते गोल आहे. तिथल्या सोनामावशीचा मुलगा गौतमदादा तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत होता. त्याने ही गोष्ट मला इतक्या शांतपणे सांगितली होती, की मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटायच्या. एकाच टेकाडात राक्षस आणि भंते शेजारी शेजारी निजलेत, याची मला मुळीच अडचण नव्हती. मासे विकायला येणारी माझगावची कोळीण मात्र दोन्ही गोष्टींना हात झटकायची. "बुडालेली मानसं हाईत ती, गो बाय. गलबत फुटलं व्हतं," असं म्हणून ती बांगडे मोजायला लागायची.

गोष्टी तीन, पण एक नियम दोन्ही चाळींत सारखा होता. टेकाडावर चढायचं नाही. चढलं तर पाय वाकडा होतो, ताप येतो, जीभ अडकते. हे बाबा किंवा गौतमदादा सांगत नसत. हे आया सांगत. पतंग तुटून टेकाडावर पडला, तर तो तिथेच सडायचा.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीची बदली नागपूरला झाली, तेव्हा तिने मला तिकडची शिळावर्तुळं दाखवायला नेलं. रानात मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, मधे मातीचा उंचवटा. फार जुनी दफनं आहेत, असं मुलगी म्हणाली. शेजारच्या शेतात एक बाई कापूस वेचत होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "गवळ्यांचे आहेत ते. मोठे लोक होते. सोनं पुरून गेले न् धोंडे ठेवून गेले." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मुलीला वाटलं, मला ऊन लागलं. मला आमचं टेकाड आठवत होतं. जिथे कुणी पुरलंय, तिथे माणसं गोष्ट पुरल्याशिवाय राहत नाहीत, मग गाव कुठलंही असो.

माझी परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात जागेच्या मालकाने टेकाड सपाट करून तिथे गोदाम बांधायचं ठरवलं. बातमी मुकादमाने आणली. पांढरी पँट, हातात छत्री, स्वभावाने वाईट नसलेला माणूस. त्याने दोन्ही चाळींना नीट येऊन सांगितलं, की सोमवारी काम सुरू होईल, धूळ उडेल, कपडे आत वाळत घाला. त्या संध्याकाळी वरच्या चाळीच्या पुरुषांची बैठक आमच्या गॅलरीत बसली, आणि राखणदाराला हात लागू द्यायचा नाही असं ठरलं. नारळ ठेवायचा, शेंदूर लावायचा, छोटी घुमटी बांधायची, म्हणजे कुणाची हिंमत होणार नाही. त्याच संध्याकाळी खालच्या चाळीतही बैठक झाली. तिथे ठरलं, स्तूपाला हात लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडाच्या पायथ्याशी एका बाजूला शेंदूर फासलेला दगड होता आणि दुसऱ्या बाजूला पंचशील ध्वज. दुपारपर्यंत कुणीतरी दगड उपटून फेकला. संध्याकाळी ध्वजाची काठी मोडलेली सापडली. कुणी केलं, ते आजतागायत कळलं नाही. प्रत्येकाला मात्र खात्री होती.

मग नळावर भांडण झालं. बाबा आणि गौतमदादा समोरासमोर उभे. बाबा त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, गौतमदादाचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच चढलेला.

"काका, तुम्ही राक्षसाची गोष्ट पोरांना सांगता, सांगा. पण शेंदूर लावायचं काय काम?"

"आमचे बापजादे नारळ ठेवत इले हत थयसर!"

"तुमचे बापजादे मालवणला होते. आणि आमचा ध्वज कुणी मोडला?"

"माका इचारतंस? माझ्या तोंडार?"

मुकादम छत्री टेकून हे सगळं बघत होता. शेवटी तो म्हणाला, "असं करा भाऊ, खाली कोण पुरलंय ते आधी तुमचं तुम्ही ठरवा. ठरलं की मला सांगा. तोवर मी काम करतो." आणि तो गेला. कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही, पण इतकी वर्षं एकमेकांच्या लग्नांत वाढायला जाणारी ती माणसं दोन दिवस एकमेकांना ओळख देईनाशी झाली. खालच्या चाळीतून आमच्याकडे येणारं ताक बंद झालं. आईने चार घावणे फडक्यात बांधून माझ्या हाती दिले, "सोनाबायकडे दिवन ये" म्हणून, तर बाबांनी मला दारातच अडवलं.  आईने घावणे परत टोपात ठेवले आणि झाकण लावलं.

त्या दोन दिवसांत आई जेवली नाही. पोट ठीक नाही, म्हणाली. ओट्याशी उभी राहायची, स्टोव्हला पंप मारायची आणि पेटवायचं विसरायची. एकदा तिने मला विचारलं, "ते खणतले म्हणजे किती खोल खणतले, नंदे?" मी म्हटलं, "सपाट करणार म्हणजे सगळंच काढणार ना गं." तिने मान हलवली आणि तांदूळ निवडायला बसली. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत राहिली.

सोमवारी सकाळी काम करणाऱ्या बाया आणि गडी आले. कुदळी, फावडी, घमेली. आई घावणे घालत होती. पहिली कुदळ पडल्याचा आवाज खिडकीतून आत आला, तशी ती थांबली. तव्यावर घावणं तसंच ठेवून, पदराला हात पुसत ती दाराबाहेर पडली. चपला न घालता. मी स्टोव्ह बंद करून तिच्यामागे धावले. ती जिना उतरली, नळावरून गेली आणि सरळ टेकाडावर चढली. ज्या टेकाडावर चढलं की पाय वाकडा होतो असं तिनेच मला लहानपणापासून सांगितलं होतं, त्यावर ती अशी चढली, की जणू पायाखालचा प्रत्येक दगड तिच्या ओळखीचा असावा. खुरचाफ्याच्या जराशी खाली, उगवतीच्या अंगाला, ती बसली. मांडी घालून, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवून.

कुदळवाला गडबडला. मुकादम खालून ओरडला, "ओ बाई, उठा तिथून. कामाचा टाइम खोटी होतोय." दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या भरल्या. बाबा दुसऱ्या पाळीला होते, म्हणून घरीच होते. ते लुंगीवरच धावत आले आणि पायथ्याशी थांबले. वर चढले नाहीत.

"गो, उठ. घराक चल. लोक बघतत."

"बघूंदेत."

"राखणदाराचा आमी बघू. तू खाली ये."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळं इतकं शांत झालं होतं की तो गॅलरीपर्यंत पोचला. "राखणदार म्हायत नाय माका. माझो झील आसा हयसर. मी हयसून उठूचंय नाय."

मला भाऊ होता, हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या जन्माच्या आधी, सातव्या महिन्यात, आईला घरीच दुखू लागलं होतं आणि मूल मेलेलं जन्मलं होतं. बाबा तेव्हा गावी होते, आजोबांच्या दुखण्यासाठी. परत आले तेव्हा आई ओट्याशी उभी होती आणि घर झाडलेलं होतं. काय झालं ते त्यांना कुणीतरी दोन शब्दांत सांगितलं. पुढे ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी समजलं. त्या सकाळी मी फक्त बाबांचा चेहरा पाहिला. त्यांनी टेकाडाकडे असं पाहिलं, की जणू ते कुणीतरी आत्ताच तिथे आणून ठेवलंय.

"तू माका कधी सांगलंस नाय," ते म्हणाले.

"तुमी कधी इचारलास?"

एवढ्यात खालच्या चाळीतून सोनामावशी आली. काठी टेकत, गौतमदादाचा हात धरून. दोन्ही चाळींची ती सुईण. मला तिनेच जगात आणलं होतं, गौतमदादाच्या अर्ध्याअधिक मित्रांनाही. तिला टेकाड चढवेना, म्हणून ती पायथ्याशीच थांबली आणि मुकादमाला म्हणाली, "दादा, ही एकटीच न्हाय. माज्या सासूच्या काळापास्नं हितं लेकरं ठिवल्यात. ज्यास्नी रडायलाबी भेटलं न्हाय ती. पुरं दिस न भरल्याली. दोनी चाळींची." गौतमदादाने आपल्या आईकडे चमकून पाहिलं. सोनामावशी त्याला म्हणाली, "तुजी थोरली भनबी हाय, बाबा."

"पण इथंच का, मावशी?" मुकादमाने विचारलं. त्याच्या आवाजातला कामाचा सूर गेला होता.

"माजी सासू म्हनायची, हितं आदीच कुनीतरी मोठं मानूस निजलंय. कोन ते आपल्याला काय ठावं. पन लेकरास्नी सोबत हाय. एकटी न्हाईत."

मग वरच्या चाळीतून एक बाई उतरली. खालच्या चाळीतून दोघी आल्या.  प्रत्येक जणी टेकाडावर आपापल्या जागी जाऊन बसत होती, आणि जागा शोधावी लागली नाही कुणालाच. आमच्या चाळीतल्या वाण्याची आई, जिला मी नळावर भांडताना सोडून कधी पाहिलं नव्हतं, ती अगदी माथ्याजवळ बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली. इतक्या वर्षांचं एकदम. खालच्या चाळीतल्या एका बाईने सरकून तिच्या पाठीवर हात ठेवला.

मुकादम काही ठरवण्याआधीच एका मजूर बाईने डोक्यावरचं रिकामं घमेलं खाली ठेवलं. तिने तिच्या भाषेत दुसरीला काहीतरी सांगितलं, ती तेलुगू असावी. दुसरीनेही ठेवलं. मग गड्यांनी कुदळी टेकल्या. मुकादमाने बराच वेळ छत्रीच्या टोकाने माती उकरली आणि म्हणाला, "आज राहू दे. मी शेठना सांगतो." त्याने काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण गोदाम पुढे रस्त्याच्या बाजूला झालं, आणि टेकाड राहिलं.

शेंदूर पुन्हा लागला नाही, ध्वजही लागला नाही. त्या वर्षीपासून दोन्ही चाळींच्या बाया वैशाखात एकदा टेकाडावर जायच्या, थोडं दूध शिंपडायच्या आणि चहा पिऊन परत यायच्या. त्यात पूजा म्हणावी असं काही नव्हतं. खूप वर्षांनी दोन्ही चाळी पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा टेकाडही गेलं. तोवर सोनामावशी नव्हती, बाबाही नव्हते. आई माझ्याकडे वडाळ्याला राहायला आली होती. टेकाड काढतायत हे मी तिला सांगावं की नाही, या विचारात असतानाच तिने स्वतःच सांगितलं, की गौतमचा फोन आला होता. त्याने आणि वरच्या चाळीतल्या मुलांनी मिळून बिल्डरला थांबवलं, माती हाताने उपसली, जे मिळालं ते एकत्र करून दुसरीकडे नीट पुरलं. खूप खाली जुन्या, जाड विटांचा एक थर लागला म्हणे. कुणी त्याचे फोटो काढले. तो स्तूप होता, की आणखी काही, हे पुढे कुणी मला सांगितलं नाही. विचारलं असतं तर कदाचित कळलंही असतं.

मला त्या सोमवारची संध्याकाळ सांगायची आहे. बाबा त्या दिवशी पाळीला गेले नाहीत. गॅलरीत पाट टाकून बसले. मुलं जमली, पण ती काही न मागता थोडा वेळ उभी राहिली आणि पांगली. आईने बाबांपुढे ताट ठेवलं. बांगड्याचं तिखलं आणि भात. बाबा जेवले नाहीत, तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि इतक्या हळू विचारलं की मला वाटलं, स्वतःलाच काही म्हणाले, "कोणासारखो होतो गो तो?"

आई जमिनीवर बसली. "सोनाबायन माका दाखवल्यानच नाय तेका. फडक्यात बांधल्यान आणि घेवन गेली. मी हाक मारलंय, पण ती थांबाक नाय. मगे खिडकीतसून बघलंय, खय ठेवता ती."

बाबा उठले. त्यांनी सदरा घातला, आईला म्हणाले, "चल." दोन दिवस आम्ही खालच्या चाळीत पाऊल टाकलं नव्हतं. आता तिघं गेलो. गौतमदादाने दार उघडलं आणि काही न विचारता बाबांना खुर्ची दिली. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. सोनामावशी खाटेवर होती, तिच्या पायाशी ते खाली बसले.

"सोनाबाय, तुमी बघितलास तेका. कसो होतो तो?"

सोनामावशीने डोळे मिटले. किती पोरं तिच्या हातांतून गेली असतील, जिवंत आणि मेलेली, कितीतरी वर्षांची. तिला खरंच आठवलं, की समोर बसलेल्या त्या दोघांना पाहून तिने काहीतरी दिलं, हे मला माहीत नाही. मी तिला पुढेही कधी विचारलं नाही.  मग डोळे उघडून म्हणाली, "केस लई व्हते त्याला. काळंभोर. मानंपस्तोर आल्यालं."

आईने तोंडावर पदर घेतला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी अजूनही शब्द देऊ शकत नाही. रडू होतं, पण नुसतं रडू नव्हतं.

"नंदेकय होते," आई म्हणाली. "अशेच." आणि तिचा हात माझ्या डोक्यावर आला आणि घरी जाईपर्यंत तिने तो काढला नाही.